झिंकावरचे तीन रंग

जळले मी. उगाच खोटं कशाला बोलू? बासष्ट वर्षांची बाई मी, डोक्याचा कापूस झालेला, आणि पंचवीस वर्षांच्या पोरीवर जळले. तिचे दागिने बघून नाय, रूप बघून नाय. आमच्या बोटीच्या इंजिनापाशी ती उकिडवी बसली होती, हातात पाना, आणि माझा हृतिक तिच्या खांद्यावरून वाकून म्हणत होता, हे तर मला माहीतच नव्हतं. तेवढंच काय ते. तेवढ्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हृतिक म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, कमळाकरचा मुलगा. तो दीड वर्षाचा असताना त्याची आई गेली. माझा नवरा त्याच्या आधीच गेलेला, मूलबाळ नाय, म्हणून मी माहेरीच होते. पोर माझ्या मांडीवर आलं ते तिथेच वाढलं. त्याचा गोवर, त्याची शाळा, त्याची पहिली मोटारसायकल, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. कमळाकरला पोराला शर्ट कुठल्या मापाचा लागतो तेसुद्धा कधी ठाऊक नव्हतं.

आमची जमीन गेली, तिचे पैसे आले, सुकापूरला घर झालं, आणि आजूबाजूच्या पोरांनी मोठमोठ्या गाड्या घेतल्या तेव्हा आमच्या शहाण्याने बोट घेतली. मासे धरायला नाय, माल न्यायला नाय, नुसती रविवारची फिरायला. पांढरी शुभ्र, बावीस फूट, मागे काळं इंजिन. नारळी पौर्णिमेपासून मे महिन्यापर्यंत ती करंज्याच्या खाडीत बांधलेली असते आणि पावसाळा लागला की ट्रेलरवरून आमच्या अंगणातल्या शेडमध्ये येते. गावात सगळे हसले. मी नाय हसले, कारण त्या बोटीचं करायचं कोणी ते पहिल्याच दिवशी ठरलं. मी.

खाऱ्या पाण्याचं मला कोणी शिकवायला नको. माझ्या बापाचं मिठागर होतं. आमी पोरी गुडघाभर खाऱ्यात उभ्या राहून वाढलो. मीठ ओढायला तिथे लाकडी फावडी असायची, का, तर लोखंडी नेलं की दोन वर्षांत त्याची चाळण व्हायची. मीठ लोखंडाला खातं, पत्र्याला खातं, माणसाच्या टाचांना खातं. ते हळूहळू खातं म्हणून लोक गाफील राहतात. मी गाफील राहणारी नाय. रविवारी हृतिक मित्रांना फिरवून आला की बोट उतारावर ओढून घ्यायची, गोड्या पाण्याने वरपासून खालपर्यंत धुवायची, बूच काढून आतलं पाणी सोडून द्यायचं. इंजिनाचा जो भाग पाण्यात असतो, ज्याला पाय म्हणतात, त्याला दोन रबरी वाट्या लावून गोडं पाणी आतून फिरवायचं. मग कोरड्या फडक्याने पुसून नटबोल्टांना ग्रीस. पाण्याचे कॅन मी सुकापूरहून भरून न्यायचे. चार वर्षं एक रविवार चुकला नाय. करंज्याचे लोक म्हणायचे, हौसाबाय, तुमची बोट नव्या नवरीसारखी दिसते. मी नुसती मान हलवायचे, पण आत फुलून यायचे.

आणि त्याचं मला फळ मिळायचं. नारळ.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे बोटीवरून समुद्राला नारळ सोडतात, सोनेरी कागद लावून, वाजतगाजत. तो मान घरच्या सवाष्णीचा. माझ्यासारखीने मागे उभं राहायचं. मी चाळीस वर्षं मागे उभी राहिले. हळदीला मागे, बारशाला मागे, ओटी भरताना तर खोलीतच नाय. पण बोट आली त्या पहिल्या पौर्णिमेला हृतिकने धक्क्यावर सगळ्यांसमोर नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाला, बोट आत्या सांभाळते, नारळ आत्याच सोडणार. कमळाकर कुरकुरला, दोनचार बायांनी तोंडं वाकडी केली. पोर हटलं नाय. त्या दिवशी मी सोडलेला नारळ जेमतेम बोटीच्या शेपटीपाशी पडला. पण पडला तो माझ्या हातून. त्यानंतर दरवर्षी मी पौर्णिमेसाठी एक नवं लुगडं बाजूला काढून ठेवते.

आता सांगा, घरात सून आली तर त्या नारळाचं काय होणार?

सून आली नेऱ्याहून. अंकिता. डोंगराखालची पोर, भातशेतीतली. बाप नाय, आई भामा आणि ही. डिप्लोमा केलेली आणि तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरीला. काम काय, तर पाइपांना गंज लागतो का ते बघायचं. गंज बघायचा पगार मिळतो, ऐकलंय का कधी? मी जन्मभर फुकट बघितला.

बोलणी करायला नेऱ्याला गेलो होतो तेव्हाच मी तिच्या आईला हेरलं होतं. पाहुणे पडवीत, आणि भामा स्वयंपाकघराच्या दाराआड. पुढे यायला तयार नाय. माझ्यासारखीच ती. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिला सांगितलं की आमच्याकडे असलं काही नाय, आमच्याकडे बोटीचा नारळ मी सोडते. तिला बरं वाटावं म्हणून नाय सांगितलं. मिरवायला सांगितलं. तिने नुसतं डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं.

लग्न झालं आणि महिन्याभरात अंकिता बोटीच्या शेडमध्ये. आधी नुसती बघायची. मग विचारायला लागली, आत्या, हे कशाने पुसता, आत्या, ग्रीस कुठलं वापरता. मी तुटक उत्तरं द्यायचे. मग मोबाइलमध्ये काय काय वाचून हृतिकला सांगायला लागली, आणि चार वर्षांत ज्याने बोटीला फडकं लावलं नाय तो हृतिक तिच्याशेजारी बसून ऐकायला लागला. दोघांची डोकी एकत्र, मधेच हसणं. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसायचे आणि एकही खडा दिसायचा नाय. त्यात कमळाकर एक दिवस जेवताना म्हणाला, बाय, यंदा घरात सून हाय, नारळ तिच्या हातून सोडू, लोकही तेच म्हणतात. हृतिक काही बोलला नाय. तो आमटी ओरपत राहिला. त्याचं ते गप्प राहणं माझ्या काळजात रुतलं.

पौर्णिमेला आठ दिवस राहिले होते. रविवारची सकाळ. मी शेडमध्ये गेले तर अंकिता तारेचा ब्रश घेऊन इंजिनाचा पाय घासत होती. काळा रंग खपलीसारखा निघत होता आणि त्याखाली पांढरी भुकटी, आणि भुकटीखाली खड्डे. बोटाचं टोक जाईल एवढे. एका जागी तर आरपार भोक. माझ्या बोटीला. चार वर्षं जिला मी गोड्या पाण्याने आंघोळ घातली तिला.

माझं डोकं फिरलं. पण खरं सांगते, डोकं फिरलं त्याच्याच खाली कुठेतरी मला बरंही वाटलं. सापडली, म्हटलं. मी हृतिकला हाका मारल्या आणि त्याच्यासमोर तिचा ब्रश उचलून दाखवला. सांगितलं, बघ, तारेच्या ब्रशने तुझ्या बायकोने अल्युमिन्यम खरवडून काढलं, चार वर्षं मी एक ओरखडा येऊ दिला नव्हता. त्याच पायावर दोन झिंकाचे, म्हणजे जस्ताचे, तुकडे बसवलेले असतात, साबणाच्या वडीएवढे. तेही दाखवले. म्हटलं, हे बघ माझं काम, तीन वर्षांत तसूभर झिजले नायत, आणि हे बघ हिचं.

हृतिक तापट हाय. माझ्याच हाताखाली वाढलाय. तो तिला म्हणाला, "आत्याला विचारल्याशिवाय हात कशाला लावलास? कारखान्यातलं कारखान्यात ठेव."

अंकिताने त्या झिंकांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं सावकाश. तोंड उघडलं आणि मिटलं. ब्रश खाली ठेवून ती घरात गेली. हृतिक मला म्हणाला, "नारळ तूच सोडशील. बाबांना मी सांगतो."

मी जिंकले. दुपारी दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी बोट करंज्याला नेली, बुधाजीकडे. बुधाजी जुना मिस्त्री, इंजिनांत आयुष्य गेलेलं. आजपर्यंत त्याच्याकडे जायची वेळ आली नव्हती आणि मी ते लोकांना ऐकवायचेही. हृतिक गाडी लावायला गेला तोवर बुधाजी पायाशी वाकला. खड्डे बघितले, च्यक् च्यक् केलं. मग झिंकावर टकटक केली आणि खिशातला खिळा काढून त्यावर एक रेघ ओढली.

चंदेरी रंग निघाला. त्याच्याखाली हिरवा. त्याच्याखाली भगवा.

"याला रंग कोनी मारला?" तो म्हणाला. "हौसाबाय, झिंकाला कधी रंग लावायचा नस्तो. ते खाल्लं जायालाच लावलेलं असतं. मीठ आधी त्याला खातं, मंग इंजिन वाचतं. त्याला रंगवून बंद केलं, मंग मीठ इंजिनाला खानारच ना?"

भगवा होता देवळाच्या ध्वजाच्या खांबाचा उरलेला. हिरवा खिडक्यांच्या गजांचा. चंदेरी फाटकाचा. बोट आल्यावर पहिल्याच वर्षी त्या झिंकाचा चौथा भाग नाहीसा झालेला मी बघितला होता. भुरभुरीत, पांढरट, कुरतडल्यागत. माझ्या जिवाची तगमग झाली. मिठागरातली बाई मी, माझ्या डोळ्यांदेखत मीठ काहीतरी खातंय आणि मी बघत बसू? पौर्णिमेच्या आधी आमच्याकडे लोखंडाचं सगळंच रंगवतात, फाटक, गज, खांब. त्यात झिंकही रंगवलं. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. चांगले दोन दोन हात. हळदकुंकू लावलं ते वेगळंच. आणि झिजत नाय म्हणून कौतुक करत बसले. बोटीचं वाटोळं त्या पोरीच्या ब्रशने केलं नव्हतं. ते तीन वर्षं माझ्या ब्रशने चाललं होतं.

बुधाजीला मी म्हटलं, असेल कोणीतरी मारला. हृतिक आला तेव्हा बुधाजी भोक बुजवायचं बोलत होता. रंगाची गोष्ट निघाली नाय. मीही काढली नाय. घरी येईपर्यंत गाडीत मी खिडकीबाहेर बघत राहिले, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच येत होतं, त्या पोरीचं उघडून मिटलेलं तोंड. तिला कळलं होतं. तिचं तर कामच ते. झिंक बघताक्षणी कळलं होतं तिला.

मग बोलली का नाय? हे काही माझ्या पचनी पडेना. मी असते तर बोलले असते. चार घरं ऐकतील असं बोलले असते.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. दुपारी ती मागच्या दारी बोंबील साफ करत बसली होती. नेऱ्याची पोर, बोंबलाला हात लावताना अजून नाक मुरडते. मी तिच्यासमोर पाट टाकून बसले आणि सरळ विचारलं, तुला रंग दिसला होता ना. ती म्हणाली, हो. मग म्हटलं, तोंडाला कुलूप का घातलंस?

तिने कात्री खाली ठेवली.

"सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं," ती म्हणाली. "पण तुमचं पौर्णिमेचं लुगडं कपाटावर काढून ठेवलेलं मी बघितलं होतं. आत्या, मला कल्याणचं एक स्थळ आलं होतं, घरदार चांगलं होतं. आईने नाही म्हटलं. का माहीत आहे? तुम्ही तिला सांगितलंत ना, आमच्या घरी नारळ मी सोडते. तुम्ही गेल्यावर आई मला म्हणाली, ज्या घरात आपल्यासारखीच्या हातून नारळ सोडतात, त्या घरात जा. त्या नारळावर मी इथे आले आहे. तोच तुमच्या हातून कसा काढून घेऊ?"

मी तिची कात्री उचलून एक बोंबील पुढे ओढला. मग ती पुन्हा म्हणाली, "पण तुम्ही माझ्यावर ढकललंत त्याचा मला राग आला आहे. अजून आहे. तो काही इतक्यात जाणार नाही."

बरं झालं ती तेवढं तरी बोलली. नाहीतर त्या चांगुलपणाने मी गुदमरून मेले असते. मला वाटलं होतं आता मत्सर जाईल. कुठला जातोय? उलट वाढला. बोटीचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, हृतिक तिचा झाला होता, आणि आता माझी लाजसुद्धा तिनेच झाकली होती. माझ्याकडे उरलं काय, तर एक नारळ, तोही तिने ठेवलेला म्हणून. बोंबील अर्धे मी साफ केले आणि उठले.

संध्याकाळी मी नेऱ्याला विहीणबाईंना फोन लावला. एवढंच म्हटलं की पौर्णिमेला करंज्याला या, लेकीच्या घरचा पहिला सण हाय. ती म्हणाली, मी येऊन काय करू, मी आपली लांबून बघेन. मी म्हटलं, या. पुढे काय करायचं ते माझंही ठरलं नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बुधाजीने पाय दुरुस्त करून दिला. नवी झिंकं मी माझ्या हाताने बसवली, उघडी, राखाडी. बुधाजीच्या फळीवर चंदेरी रंगाचा अर्धा डबा होता. माझे हात शिवशिवले, पण डब्याला हात लावला नाय.

पौर्णिमेला करंज्याचा धक्का माणसांनी फुललेला. बोटींना पताका, बेंजो, गुलाल. भरती होती. आमच्या बोटीवर आमी पाच जण, कमळाकर, हृतिक, अंकिता, भामा आणि मी. भामा मधल्या बाकाला घट्ट धरून बसली होती. तिने समुद्रात कधी पाऊल टाकलं नव्हतं. थोडं आत गेल्यावर हृतिकने इंजिन बंद केलं आणि सोनेरी नारळ माझ्या हातात दिला, चार वर्षांपूर्वी दिला होता तसाच.

तो नारळ हातात घेऊन मला राहवेना. मी म्हटलं, "हृतिक, तुझ्या बायकोने बोट बिघडवली नाय. मी बिघडवली. झिंकाला तीन वर्षं मी रंग मारला. तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ती बोलली नाय. मला बुधाजीने सांगितलं तेव्हा कळलं, मीही बोलले नाय."

बेंजो लांबून ऐकू येत होता. हृतिक इंजिनापासून उठला. मला वाटलं आता तो येईल, आत्या, राहू दे म्हणेल, लहानपणी चुकल्यावर मी म्हणायचे तसं. तो आला नाय. तो अंकिताकडे गेला. तिच्यासमोर उभा राहून खालच्या आवाजात म्हणाला, चुकलो मी. तिने मान हलवली. त्या दोघांकडे बघून माझ्या काळजात जी कळ उठली ती मी कोणाला सांगू? हेच बरोबर होतं, हे मला कळत होतं, आणि तरी उठली.

कमळाकर म्हणाला, बाय, झालं ते झालं, नारळ सोड, बाकीच्या बोटी थांबल्यात. अंकिताही म्हणाली, सोडा आत्या.

सुनेला द्यायला माझा हात उठत नव्हता. स्वतःजवळ ठेवायला तोंड नव्हतं. मी वळले आणि नारळ भामाच्या मांडीवर ठेवला.

ती दचकली. म्हणाली, "माझ्या हातून?"

मी म्हटलं, "माझ्या हातून चालतो, तुमच्या हातून का नाय चालणार?"

कमळाकर काहीतरी बोलायला गेला, हृतिकने त्याच्या दंडाला हात लावला. भामा उठली. बोट हलत होती, अंकिताने तिला कमरेशी धरलं. तिने नारळ कपाळाला लावला, डोळे मिटले, आणि खांद्यामागून हात काढून असा भिरकावला की आमी बघतच राहिलो. जन्मभर भाताचे भारे खळ्यावर फेकलेला हात तो. नारळ आमच्या बोटीवरून गेला, शेजारच्या बोटीच्या टोकावरून गेला आणि लांब भरतीच्या पाण्यात जाऊन पडला. तिथे तो सोनेरी चमकत तरंगत राहिला. चार बोटींवरून टाळ्या पडल्या. भामा रडत रडत माझ्याकडे वळली आणि माझे दोन्ही हात धरून बसली. मीही तिचे धरले, तोंडभर हसलेसुद्धा.

पण माझा नारळ चार वर्षांत एकदाही बोटीच्या शेपटीपलीकडे गेला नव्हता.

पुढच्या वर्षी तो कोणाच्या हातात येईल ते ठरलेलं नाय. रविवारी अंकिता आणि मी दोघी बोट धुतो, ती झिंक किती खाल्लं गेलं ते मोजते आणि मी बघत राहते. पण सकाळी अंगणात कोणी नसलं की मी एक दगड उचलते आणि मागच्या कुंपणापलीकडे फेकून बघते.